चौदाव्या दिवशी कोण येते?

गेल्या उन्हाळ्यात औसा तालुक्यातल्या आमच्या गावी मारुतीच्या पारावर एक बैठक झाली. गावात कोणाकडे माती झाली तर दहावा आणि तेरावा करायचा, की तिसऱ्या दिवशी राख सावडून पाचव्या दिवशी सगळे उरकायचे, हा विषय होता. मराठवाड्यातल्या अनेक गावांत आणि समाजासमाजांच्या बैठकांत सध्या हा वाद चालू आहे आणि बहुतेक ठिकाणी तो सारख्याच शब्दांत चालतो. एक बाजू खर्च मोजते: जेवणावळ, मंडप, टॉवेल-टोप्या, प्रवचनकाराचे मानधन, शिवाय श्रद्धांजलीच्या नावाखाली भाषण ठोकणाऱ्या पुढाऱ्यांत जाणारा वेळ. दुसरी बाजू शास्त्र सांगते आणि पिंडाला कावळा शिवला नाही तर काय होईल याची भीती घालते. दोन तासांच्या त्या चर्चेत, ज्या घरातले माणूस नुकतेच गेले आहे त्या घराला काय हवे असते, हा प्रश्न एकदाही निघाला नाही. देवळाच्या भिंतीला टेकून माझी एक चुलत वहिनी बसली होती. तिच्या नवऱ्याला जाऊन सात महिने झाले होते. तिला कोणी विचारले नाही. मीही विचारले नाही, आणि तो सल या लेखामागे आहे.

माझे म्हणणे आधीच सांगतो. दुखवट्याच्या जुन्या रीतीत एक गोष्ट मोलाची होती आणि एक अन्यायाची. मोलाची गोष्ट ही, की ठरलेल्या दिवशी माणसे घरी येत: राख सावडायला, कडू घास घेऊन, दहाव्याला, तेराव्याला, महिन्याला, सहा महिन्यांनी, पहिल्या दिवाळीला आणि वर्षश्राद्धाला. अन्यायाची गोष्ट ही, की त्याच दिवसांत विधवा झालेल्या बाईचे कुंकू, बांगड्या, जोडवी आणि त्यांच्याबरोबर घरातला तिचा शब्द काढून घेतला जाई. आज सुधारणा म्हणून जे चालले आहे त्यात येणारी माणसे कमी होत आहेत आणि बांगड्या मात्र पूर्वीसारख्याच फुटत आहेत. म्हणजे टाकायचे ते ठेवले आणि ठेवायचे ते टाकले.

खर्चाचा मुद्दा खोटा नाही, तो मी पूर्णपणे मान्य करतो. कर्ता माणूस गेलेल्या घराने खाजगी सावकाराकडून पैसे उचलून गावाला पंगती घालाव्यात, आणि जेवून उठणाऱ्यांनी बुंदी कोरडी होती की ओली याची चर्चा करत घरी जावे, ही रीत क्रूर आहे आणि ती बंद झालीच पाहिजे. परंतु या सुधारणेची परंपरा सांगताना आपण ज्यांचे नाव घेतो त्यांनी नेमके काय केले, हे नीट आठवावे. १८७३ मध्ये स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाने विधींमधला मध्यस्थ आणि त्याची दक्षिणा काढून टाकली. लोकांनी एकत्र येणे त्याने बंद केले नाही. त्याच चळवळीने विधवांचे केशवपन थांबावे म्हणून नाभिकांना साद घातली. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले तेव्हा अंत्ययात्रेत सावित्रीबाईंनी स्वतः पुढे होऊन टिटवे, म्हणजे प्रेतापुढे न्यायचे मडके, धरले, असे सांगितले जाते. खर्च कमी करणे हा त्या सुधारणेचा अर्धा भाग होता, आणि मागे राहिलेल्या बाईला मान देणे हा दुसरा. आपण पहिला अर्धा उचलला, कारण त्यात आपले पैसे वाचतात. दुसऱ्या अर्ध्यासाठी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेला मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव करावा लागला आणि त्यानंतर शासनाला परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना तसे करण्याचे आवाहन करावे लागले. आमच्या बैठकीत पाचव्या दिवसाचा ठराव तासाभरात मान्य झाला. हेरवाडचे नाव कोणी तरी काढले तेव्हा ‘तो ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे’ असे उत्तर आले. दहावा गावाचा प्रश्न आणि बांगड्या घरचा, ही विभागणी कोणी केली?

पाचव्या दिवशी उरकल्याने पैसे वाचतात हे दिसते; पण दिवस कोणाचे वाचतात? येणाऱ्यांचे वाचतात. घरातल्यांचे दिवस होते तेवढेच राहतात, त्यांतली सोबत तेवढी कमी होते. शोकाचा अभ्यास करणाऱ्या मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या अभ्यासकांनी १९९९ मध्ये एक मांडणी केली, ती मला खेड्यातल्या माणसाच्या अनुभवाशी सर्वांत जवळची वाटते. त्यांच्या मते शोक पायरी-पायरीने चढून संपत नाही. माणूस कधी गेलेल्याच्या ओढीत असतो, कधी उरलेल्या आयुष्याच्या कामांत, आणि या दोहोंत त्याची सतत ये-जा चालते; ती ये-जा चालू राहणे हेच सावरणे असते. वहिनी सोयाबीन खुरपताना बायकांशी हसून बोलत असे आणि अचानक खुरपे टाकून बांधावर जाऊन बसत असे. तिच्या सासूला वाटे की ही अजून सावरलेली नाही. शेजारणीला वाटे की ही फार लवकर सावरली. दोघी एकाच दुपारबद्दल बोलत होत्या.

ही ये-जा किती काळ चालावी, याबद्दल डॉक्टरांतही एकमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचे जे आजारांचे वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून लागू झाले, त्यानुसार माणूस गेल्यावर किमान सहा महिने उलटूनही तीव्र शोक जगण्यात अडथळा आणत असेल आणि त्या समाजाच्या रीतीच्या मानानेही तो अधिक असेल, तरच त्याला विकार म्हणता येते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने मोठ्या माणसांसाठी ही मुदत एक वर्षाची ठेवली आहे. आमच्या वर्षश्राद्धाची मुदतही तेवढीच असते. यावरून पूर्वजांना सगळे विज्ञान आधीच ठाऊक होते असे कोणी म्हणू लागण्याआधी स्पष्ट करतो की तसा माझा दावा नाही. पिढ्यान्पिढ्या माणसे पुरणाऱ्या आणि जाळणाऱ्या समाजाला शोक तेरा दिवसांत आटोपत नाही हे पाहून पाहून कळले असावे, एवढेच मी म्हणतो. आणि जे वर्षभर चालणार हे आपल्याला माहीत आहे, त्यातली सोबत पाचव्या दिवशी संपवणे कोणत्या हिशेबात बसते?

यावर सुशिक्षितांचे उत्तर ठरलेले आहे: रूढी जाऊ द्या, समुपदेशक द्या. हे उत्तर हसण्यावारी नेण्यासारखे नाही. ज्याची झोप महिनोन्महिने उडाली आहे, ज्याच्या मनात स्वतःला संपवण्याचे विचार येतात, त्याला शेजारणीच्या चहाने बरे वाटणार नाही. त्याला डॉक्टर हवा, आणि ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चालणारी टेली-मानस सेवा त्याच्या घरच्यांना माहीत असायला हवी. गावात तो क्रमांक भिंतीवर लिहिलेला असावा असे मला वाटते; सध्या तिथे बियाण्यांच्या जाहिराती आहेत. तरीही, शोक करणाऱ्या प्रत्येकाला सरसकट मानसोपचार देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शनात म्हटले आहे. मोठ्या आघातानंतर लगेच माणसांना बसवून एकाच बैठकीत सगळे बोलून घेण्याची जी पद्धत एके काळी फार चालली, तिच्या चाचण्या एकत्र तपासल्यावर ती पुढचा त्रास टाळत नाही आणि काहींना अपायही करू शकते, असे दिसले. बहुतेक माणसे उपचाराविना सावरतात. ती आपल्या माणसांत सावरतात. म्हणजे समुपदेशक ही आपल्या माणसांच्या जागी ठेवण्याची सोय नाही, त्यांच्यानंतरची सोय आहे. ती पहिली फळीच आपण पाचव्या दिवशी घरी पाठवत आहोत.

पहिली फळीच उरत नाही तेव्हा काय होते, हे आमच्या भागाने पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे गणपती बोळवून माणसे झोपली असताना, किल्लारी आणि सास्तूर परिसर हादरला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवरचे मातीने लादलेले माळवद झोपलेल्यांच्या अंगावर आले. सरकारी मोजणीनुसार जवळपास आठ हजार माणसे गेली. पावसात सामूहिक चिता पेटल्या आणि कित्येकांना आपले माणूस कोणत्या चितेत गेले हेही कळले नाही. मी तेव्हा शाळेत होतो. आमच्या गावात भिंतींना भेगा पडण्यावर निभावले, पण मामाचे गाव गेले. त्या दिवाळीत आईबरोबर तिकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेलो होतो, ते अजून आठवते. एरवी आईने उंबऱ्यातच हंबरडा फोडला असता आणि आतल्या बायकांनी तिला गळ्याशी धरले असते. तिथे उंबरा नव्हता आणि आतल्या बायका रडल्या नाहीत. ज्या गल्लीत प्रत्येक घरी माती झाली आहे, तिथे कोणी कोणाच्या दुखवट्याला जायचे?

पुनर्वसन झाले, आणि ते वाईट झाले असे म्हणणे अन्यायाचे होईल. बावन्न गावे नव्या जागी वसली, घरे भूकंप सोसतील अशी बांधली गेली. परंतु जुन्या गावठाणात घराला घर लागून होते आणि नव्या गावात सरळ रुंद रस्ते आले, गाव पूर्वीच्या कितीतरी पट पसरले. घरे जमिनीच्या मालकीनुसार २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची मिळाली; त्या वर्गवारीने जिथे रांगा पडल्या तिथे भावकी आणि शेजार दोन्ही विस्कटले. जुन्या घरात भिंतीपलीकडचा हुंदका ऐकू येत असे. नव्या घरात तो ऐकू येण्याची सोय राहिली नाही, आणि ही उणीव कोणत्याही नकाशात दिसत नव्हती, कारण नकाशा करणाऱ्यांना ती कोणी सांगितली नव्हती.

तरी याच भूकंपातून उलट उदाहरणही मिळते. घरांच्या दुरुस्ती आणि मजबुतीकरणाच्या कार्यक्रमात लोकसहभागाचे काम स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेकडे होते आणि गावोगावी बायकांना संवाद सहायक म्हणून नेमले गेले. काम रुक्ष होते: योजनेची माहिती सांगायची, कोणत्या घराचे काम कुठे अडले ते पाहायचे. परंतु त्या निमित्ताने एक बाई दुसऱ्या बाईच्या दारात पुन्हा पुन्हा जाऊ लागली, आणि जाण्याला कारण असल्यामुळे सासूला किंवा दिराला हरकत घेता येईना. त्या गटांतून बचत गट उभे राहिले. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छ हादरले तेव्हा लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या अशा बायका तिथल्या बायकांना भेटायला आणि घरबांधणीचा अनुभव सांगायला गेल्या. साडेसात वर्षांपूर्वी ज्यांच्या घरी कोणी येऊ शकत नव्हते, त्या आता दुसऱ्या राज्यात दुखवट्याला गेल्या होत्या, असे मी म्हणेन. त्यांनी स्वतः तसे म्हटले असते की नाही, ठाऊक नाही.

आता दुसरा कठीण आक्षेप. गावाच्या सोबतीचे एवढे गुणगान करता, तर ही सोबत कोणाला मिळते आणि कोणाला नाही, हेही गावच ठरवते ना? हा आक्षेप मला पूर्ण खोडता येत नाही. जातीबाहेर लग्न केलेल्या मुलीला बापाच्या मातीला येऊ न देणारे गावही हेच. त्याहून मोठे उदाहरण आपल्या इतिहासातच आहे. रझाकारांच्या अत्याचारांत ज्यांची माणसे गेली त्यांच्या शोकाला दर १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, ध्वजवंदन आणि हुतात्म्यांचे स्मरण यांतून जागा मिळते, आणि ती मिळालीच पाहिजे. पण १९४८ च्या पोलीस कारवाईनंतरच्या आठवड्यांत हैदराबाद संस्थानात जे मुसलमान मारले गेले, त्यांच्या विधवांच्या दारात कोण गेले? पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्याच वर्षी फिरून मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजारांचा दिला आणि सर्वाधिक हानी झालेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेडची नावे घेतली. तो अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. एकाच गावातल्या दोन गल्ल्यांपैकी एकीच्या दुःखाला वर्षातला दिवस आहे आणि दुसरीच्या दुःखाला शब्दही नाही. रीत गावाच्या मर्जीवर सोडली तर असे होते, हे मान्य. त्याला उपाय मात्र मला एकच दिसतो, की कोणाच्या घरी जायचे हे मर्जीवर न सोडता जायचेच असे ठरवावे. पाचव्या दिवशी सगळ्यांचेच दार बंद केल्याने ज्याच्या दारात कोणी जात नव्हते त्याला काय मिळाले?

शेतकरी आत्महत्येनंतर हा मर्जीचा प्रश्न सर्वांत उघडा पडतो. मराठवाड्यातल्या आठ जिल्ह्यांत अलीकडे दरवर्षी हजाराच्या आसपास अशा मृत्यूंची सरकारी नोंद होते. त्यांवरचा वाद पात्र की अपात्र, कर्ज बँकेचे की सावकाराचे, जमीन कोणाच्या नावावर, याच भोवती फिरतो, कारण २००६ च्या शासन निर्णयाप्रमाणे मिळणारी एक लाखाची मदत, ३०,००० रोख आणि ७०,००० ठेवीत, या उत्तरांवर अवलंबून असते. पहिल्या पंधरवड्यात त्या घरी माणसांची रीघ लागते: तलाठी, पोलीस, पत्रकार, पुढारी. त्यातला प्रत्येक जण प्रश्न विचारायला येतो, बसायला कोणी येत नाही. भावकी दबकत येते, कारण अशा मरणाला काय बोलावे हे तिला माहीत नसते, आणि नवऱ्याच्या मरणाचा दोष बायकोकडे वळवणारी कुजबूज त्याच भावकीतून निघते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने विधवा पहिल्या वर्गातली वारस आहे. तरी सातबाऱ्यावर नाव लागायला फेरफार करावा लागतो, आणि तो करून देण्यासाठी तहसीलला सोबत येणारे माणूस तिला तेराव्या दिवशी नव्हे, चौथ्या-सहाव्या महिन्यात हवे असते. शोक आणि सातबारा हे दोन वेगळे विषय आहेत असे ज्यांना वाटते, त्यांनी एखाद्या विधवेबरोबर तलाठी कार्यालयाच्या बाकावर एक दुपार काढून पाहावी.

काहींना एकांत हवा असतो, हा आक्षेपही ऐकला आहे. खरा आहे. सांत्वनाला येऊन ‘शेवटी काय बोलला हो?’ असे खोदून विचारणारी माणसे शत्रूच्याही घरी जाऊ नयेत. पण एकांत मागता यायला आधी कोणी तरी आलेले असावे लागते. न आलेल्या माणसाला ‘आज नको’ कसे सांगणार?

याहून अवघड गोष्ट वेळेची आहे, आणि तिथे माझ्याजवळ तयार उत्तर नाही. बीड, जालना, परभणीकडची ऊसतोडीला जाणारी जोडपी दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात. जोडप्यातला एक जण गेला तरी मुकादमाकडून घेतलेली उचल तशीच उरते, आणि ती फेडायला मागे राहिलेली बाई महिन्याभरात थळावर, म्हणजे तोडणीच्या फडात, दिसते. तिला दहावा लांबवा किंवा आटपा, दोन्ही सारखेच. दुःखाला वेळ लागतो असे म्हणणाऱ्याने तो वेळ कोणाकडे आहे हेही सांगावे. तिची उचल निदान एका हंगामासाठी पुढे ढकलली जाणे, हाच तिच्यापुरता दुखवटा असू शकतो. तो भावकीने नाही, सरकारने आणि साखर कारखान्यांनी पाळायचा आहे.

आमच्या बैठकीच्या शेवटी मी एवढेच सुचवले, की जेवण बंद करा, भाषणे बंद करा, बांगड्या फोडणे बंद करा, आणि त्याच ठरावात लिहा की तिसऱ्या महिन्यात, सहाव्या महिन्यात आणि वर्ष भरताना त्या घरी कोण जाईल. अध्यक्ष म्हणाले की असे ठरावात लिहिता येत नाही, माणसाचे जाणे-येणे मनाने व्हायला हवे. तेराव्याला पाचशे माणसे मनानेच येत होती का, हे मी त्यांना विचारले नाही. हिशेब मात्र घरी येऊन मांडला. आमच्या गावाची वस्ती तीन हजार. देशात वर्षाला हजारी सहाच्या आसपास माणसे मरण पावतात, म्हणजे आमच्याकडे अठरा. प्रत्येक घरी तीन फेऱ्या धरल्या तर चौपन्न होतात. त्या दहा जणांत वाटल्या तर एकेकाच्या वाट्याला वर्षाला पाच-सहा येतात, आणि गावातले कोणतेही घर चालत वीस मिनिटांच्या पलीकडे नाही. माझ्या वाट्याची पहिली मी दुसऱ्या दिवशी केली. वहिनी म्हणाली, भाऊजी, बसा. आणि फेरफाराचे कागद काढून माझ्यापुढे ठेवले.